कोष्टकातील फुली

'लॅच आणि फ्लिप-फ्लॉप' हे प्रकरण इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात दरवर्षी शिकवले जाते, दरवर्षी परीक्षेला येते आणि बहुतेक विद्यार्थी त्यात चांगले गुणही मिळवतात. असे असूनही हे प्रकरण आपण शिकवीत नाही, नुसते पाठ करून घेतो, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत काही प्राध्यापक बंधूंना कडू वाटेल. पण तोंडी परीक्षेच्या टेबलापाशी बसून जे ऐकावे लागते, त्यावरूनच ते बनलेले आहे.

जे-के फ्लिप-फ्लॉपचे कोष्टक विद्यार्थी एका दमात म्हणून दाखवतो. त्यालाच विचारावे, "बाबा रे, या मंडळाला आठवण राहते म्हणजे नेमके काय होते?" की तो गप्प होतो. गंमत अशी, की हाच विद्यार्थी सुट्टीत गावी जाऊन शेतातली मोटार चालू करतो. त्या मोटारीचा स्टार्टर म्हणजे एक लॅचच आहे, हे मात्र त्याला कुणी सांगितलेले नसते.

स्टार्टरचे काम पाहा. हिरवे बटण दाबले की कॉइलमधून वीज वाहते, कॉन्टॅक्टर ओढला जातो आणि मोटार सुरू होते. बोट काढल्यावरही मोटार चालूच राहते. का? कारण कॉन्टॅक्टर ओढला जाताना हिरव्या बटणाच्या समांतर असलेला एक लहानसा कॉन्टॅक्टही मिटतो, आणि पुढे कॉइलला वीज त्या वाटेने मिळत राहते. आपल्याच कामाचे फळ आपल्यालाच परत पोचवायचे आणि त्या बळावर टिकून राहायचे, एवढेच आठवणीचे रहस्य आहे. घराच्या घंटीला ही सोय नाही, म्हणून बटण सोडले की तिचा आवाज बंद. साधी गेटे घंटीसारखी असतात. दोन नँड गेटे घेऊन प्रत्येकाचे उत्तर दुसऱ्याच्या तोंडाशी नेऊन जोडले, की त्यांचा लॅच होतो. डब्ल्यू. एच. एक्लिस आणि एफ. डब्ल्यू. जॉर्डन या दोघांनी 1918 साली इंग्लंडमध्ये पेटंटसाठी अर्ज केला, तो दोन ट्रायोड नळ्यांच्या अशाच जोडणीसाठी. आजच्या प्रोसेसरमधील कॅश मेमरीचा नेहमीचा कोष सहा ट्रान्झिस्टरांचा असतो. त्यातले चार हीच एकमेकांना धरून राहण्याची जोडी बनवतात आणि उरलेले दोन आत-बाहेर करण्याचे दार असतात.

करंट गेला की मोटार थांबते, आणि करंट परत आला तरी ती आपोआप सुरू होत नाही. रात्री-अपरात्री कंदील किंवा बॅटरी घेऊन विहिरीकडे जाणाऱ्या शेतकऱ्याला हे कोणत्याही प्राध्यापकापेक्षा अधिक चांगले ठाऊक असते. पुस्तकाच्या भाषेत याला व्होलटाइल मेमरी म्हणतात. वीज गेली, आठवण गेली.

आता माझा खरा मुद्दा. एस-आर लॅचच्या कोष्टकात शेवटी एक ओळ असते. तिच्यापुढे फुली मारलेली असते, किंवा 'अवैध' असे लिहिलेले असते. फळ्यावर ती ओळ येते, फुली पडते आणि तास पुढे सरकतो. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली शिकवण्यासारखी ओळ हीच आहे. नँडच्या लॅचला दोन्हीकडून शून्य दिले तर दोन्ही उत्तरे एक होतात. यात अजून काही बिघडलेले नसते. दोन्ही शून्ये एकदम काढून घेतली की पेच पडतो. कोणते गेट केसभर चपळ, त्यावर निकाल ठरतो, आणि दोन्ही अगदी तुल्यबळ असतील तर मंडळ काही काळ ना इकडे ना तिकडे असे मधेच लोंबकळते.

ही केवळ पुस्तकी भीती नव्हे. क्लॉकच्या नेमक्या कडेला माहिती बदलली तर चांगल्या फ्लिप-फ्लॉपचीही हीच गत होते. अमेरिकेतील चेनी आणि मोलनार यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ही अवस्था प्रयोगाने दाखवून दिली. तिच्यावर पूर्ण उतारा नाही. दोन फ्लिप-फ्लॉप एकामागे एक लावून थोडे थांबायचे, एवढेच हाती असते. जितके थांबावे तितका धोका झपाट्याने घटतो, पण शून्य कधीच होत नाही. ज्या विद्यार्थ्याने फक्त फुली पाहिली, त्याला हे शहाणपण कुठून यावे?

पुन्हा स्टार्टरकडे वळू. हिरवे आणि लाल बटण एकदम दाबून धरले तर काय होते? मोटार बंद राहते. लाल बटण वाटेतच वीज तोडते, म्हणून त्याचे वर्चस्व. हे योगायोगाने झालेले नाही. मोटारीपाशी माणूस असतो, म्हणून संशयाच्या वेळी ती थांबलेली बरी, असा निर्णय कुणीतरी विचारपूर्वक घेतला आहे. म्हणजे ज्या ओळीवर आपण फुली मारतो, तिथेच अभियंत्याचे काम सुरू होते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की अभ्यासक्रम मोठा आहे, वेळ नाही आणि परीक्षेत कोष्टकच विचारतात. हे खरे आहे, आणि कोष्टके टाकून द्या असे मी म्हणत नाही. पण अर्थ कळलेले कोष्टक पाठ करावे लागत नाही, तेव्हा वेळ वाचतोच. दुसरा आक्षेप असा, की आता सगळे व्हेरिलॉगमध्ये लिहितात, गेटे कोण जोडतो? उलट म्हणूनच हे समजायला हवे. क्लॉक नसलेल्या मजकुरात 'इफ' लिहिले आणि 'एल्स' राहिले, तर उरलेल्या वेळी जुनी किंमत जपायची आहे असे धरून संगणक तिथे गुपचूप एक लॅच घालतो. नको तिथे आठवण शिल्लक राहते, आणि ज्याला आठवण कशी तयार होते हे ठाऊक नाही, तो दिवस दिवस चूक शोधत बसतो.

माझी सूचना साधी आहे. कोष्टक फळ्यावर येण्यापूर्वी प्रत्येक दोघांच्या हाती एक 7400, दोन एलईडी आणि चार तारा द्याव्यात. चार नँड गेटांची ही चिप महाग नाही. फुलीची ओळ प्रत्येकाने करून पाहावी आणि जे दिसले ते वहीत लिहावे. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न स्टार्टरचा असावा, आणि उत्तर मराठीत किंवा कन्नडमध्ये द्यायची मोकळीक असावी. आपण 'आठवण' म्हणतो, शेजारच्या बाकावरचा मित्र 'नेनपु' म्हणतो, पण दोघांच्याही शेतावर तीच हिरवी-लाल बटणे आहेत. इंग्रजी संज्ञा लागतीलच, त्या शिकाव्यात. मात्र समज आपल्या भाषेत आधी आली, तर संज्ञा तिच्यामागून बिनबोभाट येतात.

हा बदल करायला विद्यापीठाच्या परवानगीची गरज नाही. प्रयोगशाळेची किल्ली आपल्याच हाती आहे.