कडेची पट्टी

गिटार ह्या वाद्याच्या कडेस बसविलेली पट्टी निव्वळ शोभेची, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तें मान्य नाहीं. तिच्यालगतची बारीक रंगीत रेघ शोभेची असो. पण वरची फळी अवघी सुमारें ३ मिलिमीटर जाड, आणि तिची उघडी कड ओल व धक्के यांपासून पट्टीच राखते. मात्र पट्टीसाठीं खांच पाडावयाची ती पेटी सांधून झाल्यावर. त्या वेळीं घाईनें हत्यार तंतूंच्या उलट चालविलें, कीं ढलपी उखडते आणि कित्येक आठवड्यांचे श्रम डागाळतात. म्हणून जाणता कारागीर फुगीर भागाकडून कमरेकडे थोडें थोडें कापीत जातो. विद्यार्थिमित्रहो, काम संपत आलें म्हणजे हात सैल सोडूं नये. तेव्हांच तो अधिक जपून चालवावा, असें आमचें मत आहे.