परमुलखातली वर्दी



माझ्या कुर्डुवाडीत एखाद्या घरचं पोर पोलीस भरतीच्या अंतिम यादीत लागलं की त्या दिवशी त्या गल्लीत दुसरा विषय नसतो. हलगी वाजते, गुलाल उडतो, पेढे वाटले जातात, चौकात अभिनंदनाचा फलक लागतो. त्यामागे दोन-तीन वर्षांची मेहनत असते. पहाटे अंधारात ग्राउंडवर सोळाशे मीटर, मग शंभर मीटर, गोळाफेक. दिवसा अभ्यासिकेत गणित, बुद्धिमत्ता चाचणी, चालू घडामोडी. एका-दोन गुणांनी हुकलं की पुढच्या जाहिरातीची वाट बघायची. माढा, करमाळा, बार्शीच्या कोरडवाहू घरांत खाकी म्हणजे महिन्याचा ठरलेला पगार आणि गावात ताठ मान.

त्याच पट्ट्यातून इंग्लंडला आलेल्या एका घरातल्या मुलीने मध्यंतरी सांगितलं, की बँकेतून दोन वर्षांची बिनपगारी रजा घेते आणि पोलिसात जाऊन बघते. घर सुन्न झालं. मला फोन आला: तुम्ही आमच्याकडचे, जरा तिला समजावून सांगा. मी तिला समजावलं नाही. आईवडिलांशी मात्र बराच वेळ बोललो. तेच बोलणं त्यांच्या संमतीने, नावं वगळून, आपल्या मराठी मंडळाच्या या अंकात मांडतो आहे. "एवढं शिकवलं ते रस्त्यावर गस्त घालायला का?" हा प्रश्न त्या एका घराचा नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

सोलापूर जिल्ह्याच्या माणसाला या विषयावर उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. अशोक कामटे आपल्याला माहीत आहेत ते २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या रात्रीमुळे. कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे आणि विजय साळसकर यांच्यासोबत ते शहीद झाले. पुढच्या २६ जानेवारीला त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिलं गेलं. त्याआधी ते सोलापूरचे पोलीस आयुक्त होते. कुर्डुवाडी त्यांच्या हद्दीत नव्हती, ती ग्रामीण अधीक्षकांकडे. तरी कामटे साहेबांचे किस्से पॅसेंजरमधून रोज आमच्या फलाटावर उतरायचे. रात्री उशिरापर्यंत चाललेल्या वाढदिवसाच्या दणदणाटावरून २००७ मध्ये त्यांनी एका आमदारावर केलेली कारवाई सोलापूरकर आजही सांगतात.

त्यांच्या आयुष्यातला बॉस्नियाचा काळ मात्र फारसा कुणी सांगत नाही. १९८९ च्या तुकडीचे हे आयपीएस अधिकारी. पोलीस सेवा घराण्यात पिढ्यांची. आजोबा मुंबई राज्याचे पोलीस महानिरीक्षक होते. महाराष्ट्रात अधीक्षक म्हणून नाव होत असताना, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, ते संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर बॉस्नियाला गेले.

ते काम काय होतं ते नीट समजून घ्यायला हवं. डिसेंबर १९९५ मध्ये डेटन करारावर सह्या होऊन साडेतीन वर्षांचं युद्ध थांबलं आणि त्याच महिन्यात सुरक्षा परिषदेने बॉस्नियासाठी आंतरराष्ट्रीय पोलीस दल मंजूर केलं. या दलातल्या पोलिसांकडे शस्त्र नसे. अटक करण्याचा अधिकारही नसे. स्थानिक पोलिसांबरोबर गस्तीला जायचं, त्यांच्या कोठड्या तपासायच्या, लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, कुठे अन्याय दिसला तर लेखी अहवाल द्यायचा. कालपर्यंत आपापल्या जमातीसाठी लढलेल्या माणसांना सगळ्या नागरिकांचे पोलीस व्हायला शिकवायचं. रस्त्यारस्त्यावर बेकायदा नाकी होती. गाडीच्या नंबरप्लेटवरून माणूस कोणत्या बाजूचा ते कळायचं, त्यामुळे पलीकडच्या भागात सोडून आलेलं घर बघायला जायचं तर जीव मुठीत धरून. १९९८ मध्ये सगळ्यांसाठी एकसारख्या प्लेट आल्या. त्यांवर लॅटिन आणि सिरिलिक या दोन्ही लिप्यांत सारखीच दिसणारी अक्षरं मुद्दाम निवडली होती. एवढ्याशा पत्र्यामुळे लोक पुन्हा ये-जा करू लागले. सोलापुरात दणकट आणि कडक म्हणून ओळखला गेलेला अधिकारी अशा देशात हातात शस्त्र न घेता काम करून आला होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ते दल २००२ अखेर परत फिरलं.

बॉस्नियाने कामटे घडवले असं मी म्हणणार नाही. त्यांची जिद्द आणि ताकद आधीचीच होती. पण त्या परदेशच्या कामाने त्यांचं काही हुकलंही नाही. परतल्यावर सांगली, सोलापूर, मुंबई अशी एकाहून एक जबाबदारीची कामं त्यांना मिळाली. करकरे साहेबांचंही तेच. नागपूरला अभियांत्रिकी शिकून, खाजगी कंपनीत नोकरी करून ते पोलीस सेवेत आले, प्रतिनियुक्तीवर सात वर्षं ऑस्ट्रियात राहिले आणि परत येऊन दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख झाले. "मध्येच रजा घेतली की मागे पडशील" हे वाक्य आपल्या घरांत फार सहज बोललं जातं. या दोन माणसांसमोर ते टिकत नाही.

अर्थात त्यांना सरकारी सेवेचा आधार होता. आपल्याकडे पोलीस अधिकारी परदेशी मोहिमेवर जातो तो प्रतिनियुक्तीवर. मूळ पदावरचा हक्क शाबूत राहतो, पगार चालू राहतो, राहण्या-जेवण्याचा भत्ता संयुक्त राष्ट्रं देतात. त्यासाठी काही वर्षांची सेवा झालेली असावी लागते, इंग्रजी किंवा फ्रेंचची परीक्षा असते, फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी चालवून दाखवावी लागते, नेमबाजी तपासली जाते. धोका खरा असतो. कोसोव्होत २००३ मध्ये एक भारतीय पोलीस अधिकारी गोळीबारात मारले गेले. मी हे लपवणार नाही, कारण ज्या आईवडिलांसाठी लिहितो आहे त्यांनी सगळं माहीत करून घेऊन मत बनवावं.

आणि मुलीच्या आईवडिलांसाठी लिहितो आहे म्हणून लायबेरियाचं सांगतो. २००७ च्या सुरुवातीला भारताने तिथे केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या महिलांची अख्खी तुकडी पाठवली. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर गेलेली ती पहिलीच सर्व-महिला पोलीस तुकडी. यादवी युद्धात स्त्रियांवर जे झालं होतं त्यानंतर तिथल्या बायका वर्दीतल्या पुरुषाजवळ तक्रार घेऊन जायला धजत नव्हत्या. या मुली राजधानी मन्रोव्हियात रात्रीची गस्त घालायच्या, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचा पहारा करायच्या आणि वेळ काढून शाळेतल्या मुलींना स्वसंरक्षण शिकवायच्या. दर वर्षी नवी तुकडी जात राहिली, ती २०१६ पर्यंत. त्या वर्षांत लायबेरियाच्या सुरक्षा दलांतलं स्त्रियांचं प्रमाण ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेलं. त्यात आपल्या या मुलींचा वाटा असल्याचं संयुक्त राष्ट्रांनी आणि लायबेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी उघडपणे सांगितलं.  त्यांच्याही आयांना काळजी वाटली असेलच.

अनोळखी मुलखात जाऊन बंदोबस्त करणं आपल्या भागाला तसं नवीन नाही. आषाढीला पंढरपुरात निम्म्या महाराष्ट्रातले पोलीस येतात. रूळ रुंद होण्याआधी बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी पकडायला वारकरी आमच्या कुर्डुवाडीला उतरायचे आणि त्यांच्यात बंदोबस्ताला निघालेले शिपाईही असायचे, कोकणातले, विदर्भातले. पंढरपूरची एक गल्ली त्यांना माहीत नसायची. तरी हरवलेली म्हातारी तिच्या दिंडीपर्यंत पोचवायची असायची. आमच्या लहानपणी आम्हाला पोलीस दिसले ते असे, पाय सुजलेले, घसा बसलेला, कुणाला तरी रस्ता विचारून पुन्हा दुसऱ्या कुणाला रस्ता सांगणारे.

आता इथलं. इंग्लंडच्या पोलिसात जायचं तर ब्रिटिश नागरिकच असावं लागतं अशी समजूत आपल्या मंडळात बऱ्याच जणांची आहे. ती चुकीची आहे. राष्ट्रकुल देशाचा नागरिक, ज्याच्या इथल्या वास्तव्यावर काही बंधन नाही, तो अर्ज करू शकतो. म्हणजे भारतीय पासपोर्ट आणि कायम वास्तव्याचा परवाना असलेली आपली कितीतरी मंडळी पात्र आहेत. पार्श्वभूमीच्या तपासणीसाठी साधारण तीन वर्षं इथे राहिलेलं असावं लागतं. पूर्णवेळ कॉन्स्टेबल झाल्यावर परिवीक्षेचा काळ बहुधा दोन वर्षांचा. म्हणून दोन वर्षांची रजा घेणाऱ्याने हिशेब नीट करावा: काम हातात बसेल आणि परत फिरायची वेळ होईल.

बिनपगारी लांब रजा हा इथे कायद्याने मिळणारा हक्क नाही. ती मालकाशी ठरवायची गोष्ट आहे. परतल्यावर तीच जागा मिळणार का, सेवा सलग धरणार का, पेन्शनचं काय, हे लेखी घ्या. रजेच्या काळात जुन्या नोकरीशी नातं राहणार असेल तर ते पोलीस दलालाही कळवून परवानगी घ्यावी लागते. तोंडी आश्वासनावर भरवसा ठेवून राजीनाम्यासारखी पावलं उचलू नका.

ज्यांना एवढी उडी नको त्यांच्यासाठी स्पेशल कॉन्स्टेबल हा मार्ग आहे आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी. नोकरी सांभाळून, बहुतेक दलांत महिन्याला किमान सोळा तास. पगार नाही, खर्च मिळतो. पण वर्दी तीच, प्रशिक्षण रीतसर आणि अटकेचा अधिकार पूर्ण. काही कंपन्या या कामासाठी भरपगारी वेळही देतात. आपल्या कंपनीत विचारून बघा. वर्षभर शनिवारच्या रात्री गावाच्या मुख्य रस्त्यावर काढल्या की हे काम आपल्याला झेपतं का, ते मुलीला स्वतःलाच कळेल. तुमच्या-माझ्या सल्ल्याची गरज उरणार नाही.

त्या वडिलांचा सगळ्यात जड प्रश्न वेगळा होता: इथले पोलीस आपल्या रंगाच्या माणसाला आपलं मानतील का? १९९३ मध्ये लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला, त्या तपासावरचा मॅकफर्सन अहवाल १९९९ मध्ये आला आणि त्याने मेट्रोपोलिटन पोलिसांत वर्णद्वेष व्यवस्थेतच मुरलेला असल्याचं स्पष्ट लिहिलं. २०२३ च्या केसी अहवालाने पुन्हा तेच सांगितलं आणि स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवरही बोट ठेवलं. तेव्हा वडिलांची भीती खोटी नाही. पण २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड-वेल्समध्ये गोरे नसलेले लोक साधारण १८ टक्के आहेत आणि पोलिसांत ते याच्या निम्मेही नाहीत. आपली मुलं बाहेर थांबली तर हा आकडा कोण बदलणार?

भीती नेहमी बाहेरूनच येते असंही नाही. कर्पाल कौर संधू १९७१ मध्ये लंडनच्या पोलिसांत रुजू झाल्या, ब्रिटनमधल्या पहिल्या आशियाई महिला पोलीस. त्यांच्या पतीला ही नोकरी मान्य नव्हती. १९७३ मध्ये त्याने त्यांचा खून केला. आपल्या घरांत असं काही घडेल असं मला सुचवायचं नाही. पण वर्दी घालून बाहेर पडणाऱ्या बाईला घरातून काय ऐकावं लागतं, याचा विचार आपण इतक्या वर्षांत पुरेसा केला आहे का, हे प्रत्येकाने आपल्या घरापुरतं तपासावं.

आपल्या गणपतीच्या मिरवणुकीला रस्ता मोकळा करून देणारे पोलीस आपल्याला हवे असतात. रात्री दुकान फुटलं, आईची सोनसाखळी हिसकावली गेली, तर दाराशी मराठी किंवा निदान हिंदी समजणारा कुणी आला तर किती बरं, असंही आपण म्हणतो. तो कुणीतरी कुणाच्या तरी घरातूनच येणार आहे.

यंदाच्या गणेशोत्सवात दुपारच्या कार्यक्रमातला एक तास कार्यकारिणीने या विषयासाठी राखून ठेवला आहे. मंडळातल्या ज्या कुटुंबांत कुणी पोलीस सेवेत आहे, स्पेशल कॉन्स्टेबल आहे किंवा भारतात असताना खात्यात होतं, त्यांनी कृपया सचिवांना कळवावं आणि त्या दिवशी बोलायला यावं. ज्यांच्या मुलामुलींच्या मनात हा विचार आहे त्यांनी मुलांना एकटं पाठवू नये, स्वतःही सोबत यावं.