बंदूक नेमकी कोणासाठी?



दशलक्षण पर्व तोंडावर आलंय. दरवर्षी या सुमारास मी पारण्याच्या पदार्थांवर नाहीतर सूर्यास्ताआधीच्या जेवणावर काहीतरी लिहिते. यंदा ते जमणार नाही. गेले तीन आठवडे आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे चाललंय त्यात माझं डोकं अडकलंय आणि ते इथे लिहून काढल्याशिवाय सुटणार नाही. आक्काला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, "लिही, निदान कुणीतरी सरळ बोलेल."

आक्का आणि दाजी टेक्सासला राहतात, वीस वर्षं होऊन गेली. त्यांचा धाकटा, माझा भाचा, अमेरिकन सैन्यात आहे. त्याचं कायमचं ठाणं कोलोरॅडोत, सध्या तैनाती कुवेतमध्ये. दिवाळीनंतर परत येईल. तिकडे खर्च काही नाही, पगार साठलाय, आणि त्याला घरी आल्यावर स्वतःचं एक पिस्तूल हवंय. नोव्हेंबरात दुकानांत सूट असते, तेव्हा तो परदेशात. म्हणून त्याने दाजींना लिहिलं, "बाबा, मी पैसे पाठवतो, तुम्ही घेऊन ठेवा." दाजी तयार झाले. आक्काने ग्रुपवर विचारलं, हे चालतं का?

यावर ग्रुपचे दोन तट पडले. एक तट म्हणाला, जैनाच्या पोराने सैन्यात जायचंच कशाला, तिथेच धर्म बुडाला, आता पिस्तुलाचं काय विचारता. दुसरा म्हणाला, अमेरिकेत बंदूक घेणं कायदेशीर आहे, मुलगा देशाच्या सैन्यात आहे, तुम्ही सांगलीत बसून त्याला अहिंसा शिकवू नका. मला दोन्ही तट चुकीचे वाटतात. दोघांनाही एक फॉर्म दाखवावासा वाटतो.

अमेरिकेत परवानाधारक दुकानातून बंदूक घेताना ४४७३ नंबरचा एक फॉर्म भरावा लागतो. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यातून ही सगळी रचना आली. फॉर्म घेणाऱ्याने स्वतः दुकानात बसून भरायचा, ओळखपत्र दाखवायचं, मग दुकानदार सरकारी यंत्रणेकडून त्या माणसाची गुन्ह्यांची नोंद तपासून घेतो. त्या फॉर्मवर एक प्रश्न असतो, त्याचा मतलब इतकाच की ही बंदूक खरोखर तुम्हीच घेताय का? दुसऱ्या कुणासाठी घेत असाल तर दुकानदार ती तुम्हाला देऊ शकत नाही. खोटं उत्तर दिलं तर दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास.

दाजींचं म्हणणं, "अगं पण तो काही गुन्हेगार नाही. सरकारनेच त्याच्या हातात रायफल दिलीय. तो स्वतः गेला असता तर दोन मिनिटांत मिळाली असती. मग मी घेतली तर कुणाचं काय बिघडलं?"

नेमका हाच युक्तिवाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात झालेला आहे. अब्रॅम्स्की नावाचे एक गृहस्थ व्हर्जिनियात राहणारे, पूर्वी पोलिसात होते. पेनसिल्व्हेनियातल्या काकांना ग्लॉक पिस्तूल हवं होतं. पोलिसांना दुकानात सवलत मिळते, म्हणून पुतण्याने घेतलं. काकांनी आधीच चारशे डॉलरचा चेक पाठवला होता. पुढे पिस्तूल काकांना देतानाही ते परवानाधारक दुकानातूनच दिलं, काकांची तपासणी झाली, काका स्वच्छ निघाले. म्हणजे दोघेही बंदूक बाळगायला पात्र. तरीही २०१४ साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की फॉर्मवर "मीच घेतोय" लिहिलं तेच खोटं. काका पात्र होते की नाही, हा प्रश्न नव्हता. इथेही तेच. पैसे मुलाचे, निवड मुलाची, वापर मुलाचा, आणि सही दाजींची.

आता आपल्याकडे या. श्रावकाच्या पाच अणुव्रतांतलं दुसरं सत्य. आमच्या पाठशाळेत प्रत्येक व्रताचे पाच अतिचार पाठ करून घेत. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत एक आहे कूटलेखक्रिया. खोटा लेख करणं, खोटी सही, खोटा कागद. लहानपणी मला वाटायचं हे सावकारांसाठी लिहिलंय, सातबारा नाहीतर गहाणखत बदलणाऱ्यांसाठी. आपल्यासारख्या साध्या माणसांना कशाला लागू पडेल! अन् आता टेक्सासमधल्या एका दुकानाच्या काउंटरवर ते तंतोतंत लागू पडतंय. अचौर्याच्या अतिचारांत आणखी एक आहे, विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याचा नियम मोडून केलेला व्यवहार. दाजी दररोज सामायिक करतात, कांदा-लसूण घरात येऊ देत नाहीत, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. म्हणूनच विचारते. बटाटा खाल्ला तर प्रायश्चित्त घेणारा माणूस सरकारी फॉर्मवर खोटं लिहायला इतक्या सहज कसा तयार होतो? आपण धर्म स्वयंपाकघरातच ठेवला आणि कागदपत्रांच्या फाइलीपर्यंत नेलाच नाही, हे माझं जुनं दुखणं आहे. इथल्या घरपट्टीच्या आणि स्टँपड्यूटीच्या गोष्टी मी आज काढत नाही.

मग दाजींनी दुसरी वाट काढली. "बरं, त्याचे पैसे नको. मी माझ्या पैशाने घेतो आणि त्याला भेट देतो. भेट तर कायद्याने चालते." चालते, खरंच चालते. स्वतःच्या पैशाने घेऊन मनापासून भेट देणारा माणूस त्या फॉर्मच्या दृष्टीने खराच घेणारा असतो. पण इथेही मेख आहे. तिथल्या संघराज्याच्या कायद्याने सैनिक हा त्याचं कायमचं ठाणं ज्या राज्यात, त्या राज्याचा रहिवासी धरला जातो. दाजी टेक्सासचे, मुलगा कोलोरॅडोचा. वेगळ्या राज्यांच्या दोन रहिवाशांना, मग ते बापलेक का असेनात, पिस्तूल हातोहात देता येत नाही. परवानाधारक दुकानातूनच जावं लागतं, म्हणजे शेवटी फॉर्म मुलालाच भरावा लागणार. मग दाजींच्या कपाटातून फेरी घालायची कशाला?

पण समजा, कायद्याची ही अडचण नसती. तरी मी दाजींना नकोच म्हटलं असतं. कारण भेट म्हटली की आपल्याकडे ती थेट अनर्थदंडात जाते.

अनर्थदंड, म्हणजे कारण नसताना अंगावर ओढून घेतलेलं पाप. त्याचे पाच प्रकार सांगितलेत, त्यातला एक हिंसादान. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात त्याची यादीच आहे. कुऱ्हाड, तलवार, कुदळ, अग्नी, शस्त्रं, विष, साखळदंड अशा वधाला कारण होणाऱ्या वस्तू दुसऱ्याला देणं. स्वतः मारणं ही गोष्ट वेगळी. इथे मारण्याचं साधन पुरवणाऱ्याला धरलंय. मला हे फार मोठं वाटतं. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी विचार करून ठेवला की हात दुसऱ्याचा असला तरी देणाऱ्याकडे काहीतरी उरतं.

आमची आजी हे पुस्तकातून शिकली नव्हती, पण पाळायची. आमचं घर शेतकऱ्याचं. शेजारी कोयता मागायला आले तर ती द्यायची, ऊस तोडायला लागतो. कुदळ द्यायची. पण उंदराचं औषध? कधीच नाही. घरात आणायचीही नाही. शेजारीण एकदा रागावली, "कुदळीनं किडे मरत नाहीत व्हय?" आजी म्हणाली, "मरत्यात. पण कुदळ मातीसाठी हाय. तुझं औषध कशासाठी हाय?" आरंभी हिंसा आणि संकल्पी हिंसा यांतला फरक मी पुढे पंडितजींच्या तोंडून ऐकला, तेव्हा मला आजीचं ते वाक्यच आठवलं. घरातल्या कपाटात ठेवलेलं पिस्तूल कुठल्या मातीसाठी आहे?

आता पहिल्या तटाकडे वळते, कारण त्यांच्यावर माझा राग जास्त आहे. मुलगा सैन्यात गेला म्हणून तो जैन उरला नाही, हे कुठून आणलं तुम्ही? गृहस्थाने संकल्पी हिंसा सोडायची असते. विरोधी हिंसा, म्हणजे चालून आलेल्याला अडवताना घडणारी, ती गृहस्थाला पूर्णपणे सुटत नाही, हे आपल्याच परंपरेने मान्य केलंय. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर ज्याने उभा केला तो चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता. दर बारा वर्षांनी महामस्तकाभिषेकाला तुम्ही ज्या मूर्तीपुढे रांगा लावता, ती एका सेनापतीने उभारली. आमच्या भागातली जैन मुलंही सैन्यात आहेत, आणि त्यांच्या आयांना देवळात कुणी असं बोललं तर मी तिथेच उत्तर देईन. कुठल्या देशाचं कुठलं युद्ध योग्य, यावर वाद घाला, जरूर घाला. पण एका पोराला ग्रुपवर धर्माबाहेर काढू नका.

मात्र म्हणूनच मला फरक महत्त्वाचा वाटतो. सैन्यातली रायफल त्याची नसते. ती शस्त्रागारातून मिळते, सही करून परत द्यावी लागते, कधी वापरायची याचे हुकूम असतात. घरी येताना ती बरोबर येत नाही. घरच्या पिस्तुलाला यातलं काहीच नाही. रात्री दोन वाजता तिथे ना हुकूम असतो ना साथीदार, माणूस असतो आणि उशाजवळचा ड्रॉवर असतो.

हे लिहिताना हात थोडा जड होतो, पण आक्काच्या मनात जे आहे आणि ती बोलत नाही, ते बोलायलाच हवं. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यातली २६,३२८, म्हणजे निम्म्याहून जास्त, आत्महत्या होत्या. त्याच वर्षी ६,३९२ माजी सैनिकांनी स्वतःचा जीव घेतला आणि त्यांतल्या दर दहापैकी सातांनी तो बंदुकीने घेतला. दाजी म्हणतात घराच्या रक्षणासाठी. चोर येईल तेव्हा येईल. घरात कायम राहणारा माणूस एकच आहे, आणि तो नऊ महिने वाळवंटात काढून आलेला असेल.

हे माझं सांगलीतलं भित्रेपण नाही. तिथल्या संरक्षण खात्यानेच सैनिकांच्या आत्महत्यांवर एक स्वतंत्र समिती नेमली होती. २०२३ च्या अहवालात तिने सांगितलं की लष्करी आवारातल्या दुकानांत बंदूक घ्यायचं किमान वय २५ करा आणि घेणं व हातात मिळणं यांत सात दिवस जाऊ द्या. त्या वर्षी संरक्षणमंत्र्यांनी मंजूर केलेल्या यादीत या शिफारशी आल्या नाहीत. कोलोरॅडोने मात्र त्याच वर्षीपासून तीन दिवस थांबायचा नियम केला. तीन दिवसांत काय होतं, असं हसून विचारणारे आहेत. आपण दशलक्षणात एका दिवसाचा उपवास धरतो, तेव्हा संध्याकाळी पाचला उसळलेली भूक रात्री नऊला कुठे जाते, हे त्यांना विचारा. उसळी ओसरते. तेवढा वेळ मध्ये असावा लागतो.

म्हणून मी दाजींना सांगितलं ते असं. त्याला हवंच असेल तर त्याने कुवेतमधून ऑनलाइन पैसे भरावेत. सूट मिळेल. दुकान ते पिस्तूल कोलोरॅडोतल्या परवानाधारक दुकानाकडे पाठवेल, आणि दुकानदार तयार असेल तर मालक परत येईपर्यंत ते तिथेच राहील. तो आल्यावर स्वतः जाईल, स्वतःचं ओळखपत्र आणि नेमणुकीचा हुकूम दाखवेल, स्वतःच्या अक्षरात फॉर्म भरेल. घेणारा तो, लिहिणारा तो, कर्मही त्याचं. मावशी म्हणून मी त्याला घेऊ नको म्हणेन, आणि ते त्याच्याशीच बोलेन, त्याच्या बापामार्फत नाही. पण तो तेवीस वर्षांचा आहे. तुमच्या सहीने आणि तुमच्या कपाटातून ते त्याच्यापर्यंत जाऊ नये, एवढंच मला तुमच्याकडून हवंय.

दाजी दोन दिवस बोलले नाहीत. मग ग्रुपवर न लिहिता त्यांनी मला फोन केला. म्हणाले, "पैसे त्याला परत पाठवलेत. कारण काय सांगू?" मी म्हटलं, कारण सांगू नका, ४४७३ चा तो प्रश्न फोटो काढून पाठवा. काल त्याचं उत्तर आलं, "ठीक आहे बाबा, आल्यावर बघू." आक्काने ते मला पुढे पाठवलं आणि खाली लिहिलं, आल्यावर पहिले काही दिवस मी कोलोरॅडोला जाऊन राहू का?

मी लिहिलं, तिकीट आजच काढ.