‘डिलिव्हर्ड’ म्हणजे नक्की कुणाला?

आधीच सांगून ठेवतो, हे चिडून लिहिलंय. खुसखुशीत काहीतरी वाचायला आला असाल तर पुढच्या वेळी या.

झालं असं. आईला हल्ली कमी ऐकू येतं. म्हणून तिच्यासाठी कानाचं मशीन मागवलं, ऑनलाइन, 3,900 रुपयांचं. (कान तपासून घेतल्याशिवाय असलं मशीन घेऊ नये, हे मला नंतर कळलं. त्यावर ताईने पुरेसं ऐकवून झालंय, तेव्हा आता तुम्ही नको.) मंगळवारी दुपारी मी ऑफिसात मीटिंगमध्ये असताना फोन आला. "सर, बेल वाजवतोय, दार कोणी उघडत नाही." उघडणार कसं? घरात आई एकटी, आणि बेल ऐकू यायची सोय त्याच्याच हातातल्या खोक्यात! "ओटीपी सांगा सर, खाली लेटरबॉक्सवर ठेवून जातो." मी सांगितला. चार आकडे. खोकं पेटीच्या फटीतून आत जाणारं नव्हतं, म्हणून वर. संध्याकाळी येऊन बघतो तर वर विजेचं बिल. मोबाइलवर मात्र हिरवी खूण: ‘डिलिव्हर्ड’.

डिलिव्हर्ड कुणाला हो? भिंतीला?

कंपनीला लिहिलं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. पोच वेळेत आली, निकालही वेळेत आला. ‘ओटीपी मिळालेला आहे, सबब पार्सल आपल्याला मिळालेले आहे.’ नियम पाळण्यात कुठे म्हणून कसूर नाही! पोलीस चौकीत गेलो. 1 जुलै 2024 पासून जी भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यात 5,000 रुपयांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र. म्हणजे एनसी लिहून घेतात, आणि मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपास होत नाही. घरातली चोरी वेगळी धरतात म्हणे, पण जिन्याखालचं खोकं ‘घरात’ होतं की नाही यावर हवालदारसाहेबांशी वाद घालायची माझी हिंमत झाली नाही.

आता खरा भाग. हा लिहायचा म्हणून तीन आठवडे टाळत होतो.

सोसायटीच्या ग्रुपवर मी ‘पार्सल गायब’ एवढंच टाकलं. अर्ध्या तासात पहिला प्रश्न, "गेटवर कोण होतं?" मग दुसरा, तिसरा. मग कुणाला आठवलं की गेल्या वर्षी आपलेही चपलांचे जोड गेले होते. गेटवर आमचे काका होते. सहा वर्षं होते. कुठल्या मुलाची स्कूलबस किती वाजता येते, कुणाच्या घरी आज डबा नाही, सगळं त्यांना पाठ. चौथ्या दिवशी एजन्सीला फोन गेला आणि काका दिसेनासे झाले. पंचवीस घरांची पार्सलं सांभाळायला त्यांना कुणी वेगळा रुपया दिला नव्हता, जागा नव्हती, रजिस्टर नव्हतं. ते काम त्यांचं होतं, हे ते गेल्यावर आम्हाला कळलं.

आणि मी ग्रुपवर काय लिहिलं नव्हतं? की ओटीपी मीच दिला होता.

काका गेल्यानंतर बी विंगमधली आणखी दोन पार्सलं गेली. त्यावर ग्रुपवर शांतता.

लहानपणी आमच्याकडे व्ही.पी.ने पुस्तकं यायची. पोस्टमन दारात उभा राहून पैसे मोजून घ्यायचा, सही घ्यायचा, मगच पुडकं हातात. घरी कुणी नसेल तर परत न्यायचा. आपण त्याला अडेलतट्टू म्हणायचो! 1898 च्या पोस्टाच्या कायद्यात टपाल चोरणाऱ्या पोस्टाच्या माणसाला सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. (तोच कायदा हरवलेल्या टपालाची जबाबदारी सरकारवर फारशी येऊ देत नव्हता, हेही खरं. सतयुग तेव्हाही नव्हतं.) 2023 च्या नव्या कायद्यात ते कलमच राहिलं नाही. पण ‘पोचलं’ म्हणजे माणसाच्या हातात पोचलं, एवढी समजूत तरी तेव्हा सगळ्यांची एक होती.

ओटीपी त्या सहीच्या जागी आला. फरक असा, की सही करायला वस्तूसमोर उभं राहावं लागायचं. ओटीपी फोनवरून देता येतो, न बघता. म्हणून माझं म्हणणं आहे की हा आकडा आपल्या रक्षणासाठी राहिलेला नाही, तो कंपनीची पावती झालाय. आपण तो सांगितला की त्यांचे हात धुतले. आणि तो पोरगा? त्याला बऱ्याचदा पार्सलमागे पैसे मिळतात. परत नेलं तर फेरी फुकट. तो ओटीपी मागणारच. दुसऱ्या फेरीचे पैसे कंपनीने त्याला द्यावेत, म्हणजे तो आपोआप मागायचा थांबेल. पण ते महाग पडतं, म्हणून तो खर्च गेटवरच्या माणसाच्या नोकरीतून वसूल होतो.

"मग काय दिवसभर घरी बसायचं?" असं मला एकाने विचारलं. नाही बसायचं. ‘उद्या आणा’ म्हणायचं. मशीन दोन दिवस उशिरा आलं असतं तर आईचं काय बिघडणार होतं? घाई माझी होती.

जुन्या वस्तूंच्या बाजारातही तेच. मामाने सोफा विकायला काढला, तर ‘मी लष्करात आहे’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाने क्यूआर कोड पाठवला, "स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मामीला माहीत होतं म्हणून वाचले. (गेलेच असते तर लगेच 1930 वर फोन करायचा. मावशी, हे लिहून फ्रिजवर लावा.) मीही तिथे कानाचं मशीन शोधलं. ‘सीलबंद, भेट आलेलं, बिल नाही’, निम्म्या किमतीत. माझंच होतं असं मी म्हणत नाही. बिल मागितलं तर समोरचा गप्प झाला. खरं सांगू का, बिल मागण्याआधी मी मिनिटभर नुसती किंमत बघत होतो.

असो. 1915 वर, ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवलीय. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. ओटीपीचं तिथे सगळ्यांसमोर सांगणार आहे. बायको म्हणते, आता सांगून काकांना काय मिळणार? एजन्सीकडून त्यांचा नंबर मिळवलाय. दोनदा लावला, उचलला नाही.