छत गळत नाही

माझं स्पष्ट मत आहे, की कचेरीत खोटं कोणी बोलत नाही. वाचकहो, हसू नका. तेहतीस वर्षं खुर्ची झिजवून सांगतोय. खोटं बोलायला आधी खरं दिसावं लागतं. आम्हांला ते दिसतच नाही!

एका पावसाळ्यात आमच्या रेकॉर्ड-रूमचं छत गळू लागलं. शिपाईमामा येऊन म्हणाले, "भाऊसाहेब, छत गळतंय." साधं वाक्य. पण माझ्या कानांना ऐकू आलं ते असं : 'भाऊसाहेब, दुरुस्तीचा कागद उन्हाळाभर तुमच्याच टेबलावर झोपला होता.' मामांच्या मनात असलं काही नव्हतं. (बिचारे भिजले होते, एवढंच.) मी वर पाहिलं आणि देवाशपथ सांगतो, मला छत कोरडं दिसलं. ओलसर, फार तर. मी लिहिलं, 'किंचित ओल आढळते.' डांबराचा खर्च हेडक्लार्कांनी कापला होता. त्यांनी केलं, 'ओल नगण्य.' साहेबांनी वर कळवलं, 'इमारत सुस्थितीत.' तिघंही सज्जन!

हा आपला देशी आळस, असं म्हणणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहावं. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री 'चॅलेंजर'चे बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर फोनवरून नासाला सांगत होते, की थंडीत सांध्यांतली रबरी कडी ताठरतात, ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली यान सोडू नका. आधीच्या उड्डाणांत ती कडी जळकी सापडलीही होती. पण जळूनही यान परत आलं ना, मग झालं! जळणं हाच भक्कमपणाचा दाखला ठरला. नासाची माणसं उखडली, तेव्हा कंपनीच्या वरिष्ठांनी आपल्याच इंजिनिअरांचा सल्ला फिरवला. दुसऱ्या दिवशी ७३ सेकंदांत यान फुटलं. सात माणसं गेली.

चौकशीत फाइनमन नावाच्या शास्त्रज्ञानं रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवून दाखवला. त्यानं अपघाताची शक्यताही विचारत फिरून पाहिली. इंजिनिअर म्हणाले, साधारण शंभरात एक. वरचे म्हणाले, लाखात एक! म्हणजे रोज एक यान उडवा, पावणेतीनशे वर्षं निर्धास्त. यान तेच हो, खुर्च्या तेवढ्या वेगळ्या.

यावर हल्ली उपाय काय, तर सूचनापेटी आणि 'माझं दार सदैव उघडं आहे' असं म्हणणारे साहेब. अहो, दाराचं काय घेऊन बसलात? आत शिरणाऱ्याला पहिला प्रश्न 'किती गळतंय?' असा न येता 'कोणाची चूक?' असा येतो, तोवर दार काढून भंगारात घातलंत तरी कोणी यायचं नाही. मामा तरी पुन्हा कुठे आले? त्यांनी मुकाट्यानं एक बादली आणून ठेवली.

आठवड्यानं वरून तपासणी आली. बादली वाईट दिसते म्हणून कपाटामागे सरकवली. कोणी, ते विचारू नका. टिपणात तिचा उल्लेख नाही. सत्तरच्या आधीच्या सगळ्या फायली त्या रात्री भिजल्या. त्यांत मामांचं सर्व्हिस-बुक होतं. त्यांच्या पेन्शनचा कागद अजून हलतो आहे.