मालवण उघडतं, मग तारकर्ली का नाही?

समजा, तुमच्या ग्रुपने सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यांवर प्रोजेक्ट घेतलाय. प्रत्येक गावाची एक सीएसव्ही फाइल, नावं इंग्रजी स्मॉल अक्षरांत, सगळ्या डी ड्राइव्हवर. पायथनमध्ये पाथ टाकला, मालवण उघडलं. देवगड उघडलं. तारकर्ली? एरर! फाइल डोळ्यांसमोर आहे, पण पायथनला काय ती गावत नाय.

मग कोणीतरी सल्ला देतं, ‘अरे, पाथच्या आधी आर लाव.’ लावला, चाललं, विषय संपला. माझं म्हणणं आहे, तो तिथे संपवू नका.

बॅकस्लॅश, म्हणजे \ ही उलटी तिरकी रेघ, अवतरणचिन्हांच्या आत नुसती रेघ राहत नाही. ‘पुढचं अक्षर वेगळं वाच’ अशी ती खूण असते. पुढे टी आला की टॅब, एन आला की नवी ओळ. म्हणजे तारकर्लीचा टी टॅबमध्ये गेला, निवतीचा एन नव्या ओळीत. वेंगुर्ल्याचा व्ही आणि रेडीचा आरही असेच अडकतात. आचऱ्याचा ए म्हणजे तर चक्क घंटी! मालवणच्या एमला आणि देवगडच्या डीला असा खास अर्थ नाही, म्हणून ते सुटले.

त्यात एरर मेसेज आणखी चकवतो. त्यात टॅबसुद्धा बॅकस्लॅश-टी असाच छापला जातो. तुम्ही लिहिलेला पाथ जसाच्या तसा दिसतो आणि तुम्ही स्पेलिंग तपासत बसता. खरा बॅकस्लॅश असता तर पायथनने तिथे दोन छापले असते. एवढी एक गोष्ट पहिल्याच प्रॅक्टिकलला का सांगत नाहीत?

पण मला तारकर्लीपेक्षा मालवणची काळजी जास्त वाटते. ते चुकीचं असून चालतंय. जावा असले लाड करत नाही, कम्पाइलच करणार नाही. पायथनही 2023 मध्ये आलेल्या 3.12 पासून अशा ठिकाणी ठळक वॉर्निंग देतो, आणि पुढे कधीतरी ही थेट एरर होणार आहे. आपण मात्र आउटपुट आलं की वॉर्निंगकडे बघतही नाही.

हा घोळ जुना आहे. युनिक्समध्ये फोल्डरांच्या मध्ये सरळ स्लॅश असतो. मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्ये फोल्डर आले 1983 साली, आणि तोवर सरळ स्लॅश कमांडचे पर्याय द्यायला वापरात होता. म्हणून त्यांनी उलटा घेतला. सी भाषेत तोच खुणेसाठी होता आणि पायथनने सीचीच पद्धत उचलली.

आर लावणं चूक नाही. पण पाथ एका बॅकस्लॅशवर संपला तर आर लावूनही एररच येते. त्यापेक्षा सरळ स्लॅश लिहा, विंडोजवरही पायथनला तो चालतो. आणि मुळात डी ड्राइव्ह लिहिताच कशाला? एक्स्टर्नलच्या लॅपटॉपला डी ड्राइव्ह नसला तर व्हायवात काय सांगणार? 2014 पासून पायथनसोबतच मिळणारं पाथलिब वापरा, आणि तुमचा प्रोग्राम ज्या फोल्डरात आहे तिथूनच पुढचा पाथ काढा.

विश्वास बसत नसेल तर आज कमांड प्रॉम्प्टमधून पायथन चालवून रेडीचा पाथ आर न लावता प्रिंट करून बघा. कर्सर ओळीच्या सुरुवातीला परत येतो, डी ड्राइव्ह पुसला जातो आणि स्क्रीनवर उरतं फक्त ‘ईडीआय डॉट सीएसव्ही’.