गणेश चतुर्थी यंदा 14 सप्टेंबरला: जास्वंदीची छाटणी कधी करावी?

गेल्या वर्षी गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. यंदा ज्येष्ठ अधिक आल्याने ती 14 सप्टेंबरला, म्हणजे 18 दिवस उशिरा येत आहे. आपल्या परसात चार-पाच जास्वंदी असतील, तर छाटणीची तारीखही त्यानुसार पुढे सरकते.

परसातल्याच झाडाला महत्त्व का?

जास्वंदीचे फूल सकाळी उमलते आणि बहुधा संध्याकाळपर्यंत मिटते. झेंडू-शेवंतीसारखे ते लांबून आणून साठवता येत नाही. कृत्रिम फुलांवर बंदीची मागणी 2025 च्या पावसाळी अधिवेशनात गाजली. पण बंदी आली तरी गणपतीचे लाल फूल जवळच्या झाडावरूनच मिळणार.

छाटणीचे गणित

जास्वंदीला नव्या फुटीवर कळ्या येतात. हलक्या छाटणीनंतर फुले येण्यास साधारण 8 ते 10 आठवडे लागतात. म्हणजे यंदा जुलैचा पहिला ते तिसरा आठवडा ही योग्य वेळ. अडचण अशी, की कोल्हापुरात पावसाचा जोर नेमका तेव्हाच वाढतो आणि ओल्या कापातून फांदी सडते. शिवाय पावसाचे वेळापत्रकही पूर्वीसारखे राहिलेले नाही. 2025 मध्ये मॉन्सून 26 मे रोजीच मुंबईत पोहोचला होता. म्हणून तारखेपेक्षा उघडीप पाहावी.

- सर्व झाडे एकाच दिवशी छाटू नयेत. निम्मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात, उरलेली आठवड्याने छाटावीत.
- फांदीचा वरचा एक-तृतीयांश भागच काढावा. भर पावसात खोडापर्यंत छाटणी टाळावी.
- काप तिरका घेऊन त्यावर बोर्डो पेस्ट लावावी.
- काढलेल्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्यांचे 15 ते 20 सेंमीचे तुकडे कुंडीत लावावेत. पावसाळी हवेत ते सहज मुळे धरतात.

पुराच्या पट्ट्यात असाल तर

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, तर धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले होते. प्रयाग चिखली, आंबेवाडी किंवा शिरोळ भागात घर असेल तर कुंड्या 39 फुटांची बातमी येताच वर घ्याव्यात. जमिनीतील झाड उंच वाफ्यावर लावावे. जास्वंद पावसाला घाबरत नाही; मुळाशी अनेक दिवस साचलेले पाणी तिला मारते. पूर ओसरल्यावर बुंध्याजवळचा गाळ काढावा, चर खणावा आणि नवी फूट दिसेपर्यंत खत देऊ नये.

कळ्या गळत असतील तर

आधी शेंडे आणि कळ्यांचे देठ पाहावेत. पांढरा कापसासारखा थर म्हणजे मिलीबग (पिठ्या ढेकूण). पपईवरील मिलीबग 2008 मध्ये भारतात प्रथम आढळला आणि महाराष्ट्रातही पसरला. जास्वंद हे त्याचे आवडते आश्रयस्थान. 2010 मध्ये आयात केलेल्या परजीवी कीटकांनी त्याला मोठ्या प्रमाणात आवर घातला. त्यामुळे दिसेल त्या कीडनाशकाची फवारणी केल्यास हे मित्रकीटकच आधी मरतात. शिवाय फूल पूजेला आणि घरात येते. किडलेले शेंडे कापून नष्ट करावेत, पाण्याचा जोरदार फवारा मारावा, उघडीप पाहून 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा. मुंग्यांची वारूळे हटवावीत. त्या मिलीबगचे रक्षण करतात.

झाड हिरवेगार आहे पण फूल नाही, अशी तक्रार असेल तर युरिया थांबवून शेणखत द्यावे आणि रोज किमान 5-6 तास ऊन मिळते का ते पाहावे. सावलीतील झाडाला छाटणीचा उपयोग होत नाही.

जागा मर्यादित असेल तर संकरित रंगीत वाणांऐवजी गावठी लाल जास्वंदच निवडावी. आपल्याकडच्या पावसात तीच जास्त टिकते.